मदत हवी आहे: हिमनदी आक्रसली की खोऱ्यातील गार वाऱ्याचे काय होते?

नमस्कार. अकरावीच्या भूगोलासाठी टिपण तयार करताना एका मुद्द्यावर अडलो आहे. एव्हरेस्टच्या परिसरात, खुंबू हिमनदीजवळ ५,०५० मीटर उंचीवरील पिरॅमिड वेधशाळेत १९९४ पासून नोंदी होत आहेत. त्यांवर आधारित, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तेथील उन्हाळ्यातील कमाल तापमान वाढण्याऐवजी घटले आहे. भोवतालची हवा तापली की बर्फाला टेकलेली हवा तिच्या तुलनेत थंड व जड ठरून उतारावरून अधिक जोराने खाली वाहते, असे त्याचे कारण दिले जाते. गोमुखाजवळ भर दुपारच्या उन्हात समोरून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यामुळे मला कानटोपी चढवावी लागली होती, तो बहुधा हाच वारा असावा.

माझा प्रश्न पुढचा आहे. गंगोत्रीसारखी हिमनदी मागे सरून ऊन परावर्तित करणाऱ्या बर्फाच्या जागी ऊन शोषणारे खडक व दगडगोटे उघडे पडले, तर हा वारा हळूहळू मंदावतो, की ठरावीक आकारानंतर एकदम थांबून खोरे झपाट्याने तापते? खोऱ्यातील ढग व पाऊस यांच्या जागाही त्यामुळे सरकतात का? लाहौल-स्पीतीमधील छोटा शिग्री हिमनदीजवळच्या वारा व तापमानाच्या नोंदी कोणी अभ्यासल्या असल्यास कृपया सविस्तर लिहावे.