दुधाच्या बिलावर गाईचं कर्ज मिळायला हवं की नको?

गोठ्यातून, संगमनेर तालुका
आमच्याकडे पाच गाई, त्यातल्या तीन दुधात. दोन्ही वेळचं मिळून रोज 36 लिटर दूध डेअरीला जातं. 30 रुपये दर धरला तर दहा दिवसांचं बिल 10,800 रुपये. गेली सहा वर्षं आमचं दूध एक दिवसही खंडलेलं नाही. तरी आणखी एक दुभती गाय घ्यायला लाखभर रुपये मागायला बँकेत गेले, तर पहिला प्रश्न: सातबारा कुणाच्या नावावर? सासऱ्यांच्या. त्यांच्या नावावर सोसायटीचं जुनं पीककर्ज थकलेलं. झालं, विषय संपला. पहाटे चारला उठून धारा मी काढते, शेणघाण मी करते, पण कागदावर मी कुणीच नाही.

मग पैसे आणायचे कुठून? संकलन केंद्रवाल्याकडून उचल. व्याज नाही म्हणतात, पण उचल फिटेपर्यंत दूध दुसरीकडे घालायचं नाही. परवा त्याच्या मशीनवर फॅट 3.2 लागली. त्याच कॅनमधलं दूध शेजारच्या केंद्रावर नेऊन बघितलं तर 3.6. साडेतीनच्या खाली गेलं की लिटरमागे पैसे कापतात, आणि उचल अंगावर असल्यामुळे मी तोंड उघडू शकत नाही.

माझं म्हणणं एवढंच की तारण जमिनीचं नको, दुधाच्या बिलाचं धरा. लाख रुपये तीन वर्षांसाठी 11 टक्क्यांनी घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण 3,275 रुपये. महिन्याच्या तीन बिलांवर वाटला तर एका बिलातून अकराशे. एवढे आम्ही सहज भरू.

बँकेत 31 वर्षं
ताई, तुमची तळमळ पोचली. पण पलीकडच्या खुर्चीत मी बसलो आहे, म्हणून विरोधात लिहितो. आधी एक गैरसमज दूर करतो. 2018-19 पासून पशुपालनालाही किसान क्रेडिट कार्ड मिळतं, त्याला स्वतःची जमीन लागत नाही. दोन लाखांपर्यंत वेळेत परतफेड केली तर व्याज 4 टक्के पडतं. 1 जानेवारी 2025 पासून दोन लाखांपर्यंत तारणही मागायचं नाही. पण हे कार्ड खेळत्या भांडवलासाठी, म्हणजे रोजच्या खर्चासाठी आहे. पेंड, चारा, औषधपाणी यांसाठी. गाय घ्यायला मुदत कर्जच काढावं लागतं, आणि तिथेच आमचे हात पोळले आहेत.

जमीन जागेवर राहते, गाय राहत नाही. वसुलीला गेलो की दावणीला दुसरंच जनावर, कानात बिल्ला नाही. बिल्ला नसेल तर विम्याचा दावाही मिळत नाही. 2022 मध्ये जनावरांचा लम्पी रोग आला तेव्हा विमा नसलेल्या गाई डोळ्यांदेखत गेल्या. सरकारने दुभत्या जनावरामागे 30,000 दिले, कर्ज त्याच्या दुपटी-तिपटीचं. बँकेत ठेवीदाराचा पैसा असतो, हे कुणी लक्षात घेत नाही.

गाई विकल्या, आता सुखी, राहुरी
माझाही विरोध, पण कारण वेगळं. ताईंनी हप्ता 30 च्या दरावर मांडला. जुलै 2023 मध्ये सरकारने 34 जाहीर केला होता. काही महिन्यांत हातात 26 पडायला लागले. 36 लिटरवर आठ रुपये म्हणजे दहा दिवसाला 2,880 रुपये गेले. हप्ता अकराशेचा आणि खड्डा त्याच्या अडीच पटीचा! जानेवारी 2024 पासून पाच रुपये अनुदान आलं, तर बिल्ल्यांची ऑनलाइन नोंद जुळत नाही म्हणून कित्येकांचं अडकलं. पेंडीचं पोतं मात्र कधी खाली येत नाही. आधी दराची हमी द्या, मग कर्ज वाटा. नाहीतर घरटी एक गाय वाढेल, दूध वाढेल, दर अजून पडेल आणि हप्ता तेवढा गळ्यात राहील.

म्हसरांचा गोठा, करवीर
दादा, दर पडतो म्हणून कर्जच नको, हे पटत नाही. दर पडल्यावर उचल घेणाऱ्याचं काय होतं? तो तर दूध हलवूही शकत नाही. आमच्याकडे गावच्या संस्थेमार्फत म्हशीसाठी कर्ज मिळतं, हप्ता बिलातूनच कापला जातो. माझ्या दोन म्हशी अशाच आल्या. म्हैस आटली की दोन-तीन महिने बिल रोडावतं, तेव्हा ओढाताण होते, हे मात्र खरं. भाकड काळात हप्ता थांबवायची सोय हवीच.

बँकेत 31 वर्षं
कोल्हापूरला सहकारी दूध संघ भक्कम आहे, म्हणून कपात जमते. इतर बऱ्याच भागांत दूध खासगी डेअरीला जातं. आज या केंद्रावर, उद्या त्या. कपातीची हमी कोण देणार?

गोठ्यातून, संगमनेर तालुका
साहेब, हमीचं पत्र मागायला मी केंद्रावर जाऊन आले. वर्षभराच्या बिलांवर शिक्का मागितला. तो म्हणाला, आधी उचल फेडा, मग शिक्का. उचलीतून सुटायलाच तर कर्ज हवंय! जो मला बांधून ठेवतो त्याच्याच सहीवर बँक मला सोडवणार असेल, तर मी सुटणार कशी?

राहुरीच्या दादांचा हिशोब खोटा नाही. 26 च्या दरात मीही रडले आहे. पण तेव्हाही दूध थांबवलं नाही, कारण गाय रोज खाते. माझ्याकडे सहा वर्षांच्या सगळ्या पावत्या आहेत, पिशवीत महिन्यावार बांधून ठेवलेल्या. त्या चालतील का?

बँकेत 31 वर्षं
बिल खात्यात जमा होतं की रोख?

गोठ्यातून, संगमनेर तालुका
गेली तीन वर्षं खात्यात. माझ्याच नावावर.

बँकेत 31 वर्षं
मग शिक्का राहू द्या. त्या खात्याचा तीन वर्षांचा उतारा काढा, पाचही गाईंच्या बिल्ल्यांचे नंबर लिहून घ्या आणि आधी चाऱ्यापाण्यासाठी किसान क्रेडिट कार्डाचा अर्ज टाका. गाईच्या कर्जाबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण अर्ज घेतला नाही तर नकार लेखी मागा, तोंडी ऐकून परत येऊ नका.