सेटिंग बदलता येते, पण बदलतो कोण?

'फोन-ब्राउझरमध्ये आधीपासून लावून दिलेलं, म्हणजे डीफॉल्ट, सर्च इंजिन आवडत नसेल तर दोन मिनिटांत बदलता येतं, मग गूगलची मक्तेदारी कसली?' हा मुद्दा पटला नाही. सगळेच जर बदलत बसले असते, तर त्या एका डीफॉल्टच्या जागेसाठी इतर कंपन्यांशी करार करून गूगलने २०२१ साली २६ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम कशाला मोजली असती? २०२२ मध्ये एकट्या अ‍ॅपलला त्यांच्या सफारी ब्राउझरपोटी सुमारे २० अब्ज गेले. आपल्या आळसाचा बाजारभाव म्हणा हवं तर!

अर्थात, २०१४ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरने अमेरिकेत याहू डीफॉल्ट केलं तेव्हा बरेच जण स्वतःहून गूगलवर परतले, हेही खरं. दर्जाचा भाग आहेच. अमेरिकी सरकारने गूगलवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात न्या. अमित मेहतांनी ऑगस्ट २०२४ च्या निकालात तो मान्य केला, आणि तरीही गूगलने त्या करारांतून मक्तेदारी बेकायदा टिकवली असं ठरवलं.

सप्टेंबर २०२५ मधला त्यांचा उपाय मात्र मला मिळमिळीत वाटला. 'फक्त आमचंच' अशा अटीचे करार बंद, पण पैसे मोजून डीफॉल्टची जागा घ्यायला मोकळीक. क्रोमही विकावं लागलं नाही. युरोपात अँड्रॉइड फोनवर सर्च इंजिन निवडायचा पडदा (स्क्रीन) आला, तर त्यावरच्या जागांचाही आधी लिलावच व्हायचा. २०२१ मध्ये तो लिलाव बंद झाला.