फंक्शनची सिग्नेचर (पॅरामीटर आणि परतावा) न बदलता रेस (दोन कोअरची एकाच मेमरीवरून टक्कर) कशी मिटवू?

माझ्या लिनक्स ड्रायव्हरचं एक एक्स्पोर्टेड (इतर मॉड्यूल्सना वापरता येणारं) फंक्शन यादीतून डिव्हाइस शोधून नुसता पॉइंटर (त्याचा मेमरीतला पत्ता) देतं. तेवढ्यात दुसऱ्या कोअरवर रिमूव्ह (डिव्हाइस काढणारं फंक्शन) चाललं की ती मेमरी मोकळी! ३ रात्री गेल्या. डिव्हाइसच्या स्ट्रक्टमध्ये (त्याची माहिती ठेवणाऱ्या रचनेत) लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारा) घातला तर त्याचा आकार बदलतो, आधी कंपाइल झालेली मॉड्यूल्स कोसळतात.

उत्तर १: स्ट्रक्ट तुमचाच ड्रायव्हर बनवतो ना? मग तो मोठ्या खाजगी स्ट्रक्टमध्ये बसवा, लॉक तिथे ठेवा.

उत्तर २: नुसत्या लॉकने भागणार नाही. पॉइंटर हाती येईपर्यंत लॉक सुटलेला असतो. यादीचा लॉक धरूनच रेफरन्स काउंट (वापरणाऱ्यांची मोजणी; ती शून्य झाल्यावरच मेमरी मोकळी) वाढवणारं नवं फंक्शन द्या. इंटरप्टमधून (हार्डवेअरच्या तातडीच्या हाकेतून) कॉल येत असेल तर म्यूटेक्स (वाट पाहताना झोपवणारा लॉक) नको, स्पिनलॉक (न झोपवता थांबवणारा).

मी: आणि जुनं फंक्शन?

उत्तर २: राहू द्या, पण धोका तसाच. पॉइंटरचं काम कधी संपलं, हे त्याला कळतच नाही.