वाईजवळ 1,100 चौरस फुटांचे घर: कार्बन उत्सर्जन कमीत कमी होईल असे बांधकाम सुचवावे

कृष्णाकाठ: आजोबांच्या चौखणी घराची पांढऱ्या मातीची मागची भिंत यंदाच्या पावसाळ्यात बसली. घर उतरवून तिथेच नवे बांधायचे आहे. बांधताना आणि पुढची पन्नास वर्षे राहताना मिळून उत्सर्जन कमी व्हावे, अशी मनापासून इच्छा आहे. बजेट 28 लाख असून त्यापुढे जाता येणार नाही. भिंती आणि छत कशाचे करावे?

निळा_दरवाजा: आम्ही 2021 मध्ये एएसी ब्लॉक (सच्छिद्र काँक्रीटचे हलके ठोकळे) वापरले आणि खोल्या उन्हाळ्यातही गार राहतात. गवंड्याने मात्र विटांसारखाच जाड सिमेंटचा थर देऊन ते लावल्यामुळे खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तडे गेले आणि रंगकाम दोनदा करावे लागले. पातळ सांध्याचा तयार मसालाच वापरा. 35 लाखांची तयारी ठेवा, पण ब्लॉकच घ्या.

गुहागरकर: जांभ्यासारखा दगड नाही. तो भट्टीत भाजावा लागत नाही आणि आमच्या घराला तर बाहेरून गिलावाही नाही.

सांधेमोड: जांभा कोकणात उत्तमच, पण वाईपर्यंत आंबेनळी आणि पसरणी हे दोन घाट ओलांडून भरलेले ट्रक आणायचे, तर डिझेलचा हिशेब कुठे धरायचा? त्यापेक्षा वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली रॅट ट्रॅप रचना पाहा. विटा उभ्या रचल्याने त्या सुमारे पाव हिस्सा कमी लागतात आणि मधली पोकळी ऊन अडवते.

गुहागरकर: विटा भाजायला कोळसा लागतो, हेही लिहा.

ओळंबा: भिंतींवर वाद चालला आहे, पण मोठा भार सिमेंट आणि सळईचा असतो. क्लिंकरसाठी, म्हणजे दळून सिमेंट होते त्या खड्यांसाठी, चुनखडी सुमारे 1,450 अंशांना भाजतात, तेव्हा इंधनापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड त्या दगडातूनच बाहेर पडतो. म्हणून 35 टक्क्यांपर्यंत फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख) असलेले पीपीसी सिमेंट घ्या, मात्र त्याला ताकद सावकाश येते, तेव्हा सेंटरिंग काढण्याची घाई करू नका. स्लॅबच्या खालच्या भागात मंगलोरी कौले घालून फिलर स्लॅब केल्यास काँक्रीट वाचते.

निळा_दरवाजा: एएसी ब्लॉक हलके असल्याने सळईही कमी लागते, हेही सांगतो.

उन्हाळी: 3 किलोवॅटचे सोलर बसवा, केंद्राच्या योजनेतून 78,000 रुपये अनुदान मिळते. आमचे वीजबिल जवळजवळ गेले.

कृष्णाकाठ: सर्वांचे आभार. ओळंबा यांचे उत्तर वाचल्यावर रविवारी घर पुन्हा नीट पाहिले. सागवानी तुळया ठोकल्या तर खणखणीत वाजतात, काळ्या दगडाचे जोते कुठेही हललेले नाही, फक्त दोन खांबांचे पाय वाळवीने पोखरले आहेत. त्यामुळे घर उतरवायचे नाही, असे ठरवले आहे. खांबांचे पाय बदलून मागची भिंत तिच्याच पडलेल्या मातीत चुना मिसळून पुन्हा उभी करू. नव्याने सिमेंट लागेल ते न्हाणीघरापुरतेच. सातारा परिसरात चुन्याचे काम जाणणारा गवंडी कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे.