लोकरीचे चौकोन जुळत नाहीयेत, रविवारच्या आत मदत हवी आहे

उलटसुलट
डोकं फिरलंय, कोणीतरी पटकन सांगा. आमच्या ग्रुपने ब्लँकेटसाठी २१० चौकोन विणलेत, सगळ्यांना एकच माप, एकच लोकर, एकच व्हिडिओ, तरी हॉलमधे जमिनीवर मांडले तर एक ओळ सरळ येईल तर शपथ. काही लहान काही मोठे, काही तर धड चौकोनपण नाहीत. रविवारी सगळे जोडायला येणारेत आणि डिसेंबर संपायच्या आत मुलांना द्यायचेत. ओढून शिवून बघितले तर मधे फुगा येतो. उसवायला सांगू नका, परीक्षा संपली तशी सगळ्यांनी मान मोडून विणलंय, कोणी ऐकणार नाही. जोडायची काही ट्रिक आहे का?

लोकरवेडी
अगं आधी माहिती तर दे. टाके किती, सुई किती नंबर, लोकर किती प्लाय म्हणजे किती पदरी, सुयांवरचे का क्रोशाचे, आणि चौकोन व्हायला किती इंचाचा हवा होता? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटल्यासारखं झालं हे. शेजारी पट्टी ठेवून फोटो टाक.

हिशोबी_माणूस
राग मानू नका पण एवढा खटाटोप कशाला? उल्हासनगरला होलसेलमधे तयार ब्लँकेट मिळतात, गठ्ठा उचला, टेम्पोत टाका, एका दिवसात काम खल्लास. आमच्या मंडळाने दोन वर्षं हेच केलं. लोकरीच्या खर्चात डबल मुलांना पांघरूण मिळालं असतं.

उलटसुलट
@लोकरवेडी ३० टाके, ८ नंबर, सगळ्या ओळी सुलट. ७ इंच पाहिजे होता, ५ गुणिले ७ असे ३५ चौकोन म्हणजे साधारण ३५ बाय ४९ इंचाचं एक ब्लँकेट, एकूण ६. थोडे क्रोशाचे आहेत कारण दोघांना सुया जमतच नव्हत्या.
@हिशोबी_माणूस लोकर फुकट आलीये, ठाण्यातल्या पाचपाखाडी आणि वर्तकनगरच्या सोसायट्यांमधून उरलेले गुंडे गोळा केलेत. खर्च फक्त सुयांचा.
आणि अगं नाही, अरे.

लोकरवेडी
सॉरी रे. पण एक मिनिट, उरलेले गुंडे म्हणजे "एकच लोकर" कशी?

उलटसुलट
डोळ्यांनी जाडी सेम बघून घेतले हो. रंग वेगळे आहेत फक्त.

कोपरीची_मावशी
मुलगा असून विणतोस, कौतुक आहे बाळा. पण माझं ऐकशील तर लोकर सोड आणि गोधडी घाल. प्रत्येक घरात जुन्या नऊवारी नाहीतर कॉटनच्या साड्या पडून असतात, चार-पाच एकावर एक अंथरायच्या, कडेपासून धावदोरा घालत आत यायचं. माझ्या सासूबाईंनी घातलेली वाकळ अजून वापरात आहे. टोचत नाही, फाटली तर वरून नवीन कापड लावायचं. आपल्याकडची वस्तू सोडून परदेशी व्हिडिओ कशाला बघायचे?

खारघर_सायकलवाला
मावशी गोधडी मस्तच, पण धुतल्यावर दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओली झाली की दोघांना पिळावी लागते. पाड्यावर पाणी डोक्यावरून आणायचं असतं तिथे हा विचार पण करायला हवा.

कोपरीची_मावशी
पाड्यावरच्या बायका पण गोधड्याच वापरतात हो, त्यांना नका शिकवू.

येऊरच्या_पायथ्याशी
कुठल्या पाड्यावर? धागाकर्त्याने कुठे लिहिलंय? मुलं कोण, वय काय, हे सांगितल्याशिवाय ३५ बाय ४९ बरोबर की चूक कसं ठरवणार?

उलटसुलट
शहापूर तालुक्यातला एक पाडा, आमच्यातल्या एकीचे बाबा तिथे शिक्षक आहेत. अंगणवाडीतली मुलं आणि काही तान्ही बाळं. पण माझा प्रश्न चौकोन जोडायचा आहे!!!

रात्रपाळी
मी नर्स आहे, म्हणून मधे बोलते. तान्ह्या बाळांना हे ब्लँकेट देऊ नका. झोपेत सैल पांघरूण तोंडावर येतं. क्रोशाची जाळी असेल तर बोटं अडकतात, निघालेल्या धाग्याचा बोटाला पीळ बसला तर रक्तपुरवठा थांबतो, आणि बाळ का रडतंय ते लवकर लक्षात येत नाही. त्यांच्यासाठी टोप्या आणि मोजे करा. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरतात, कांगारू केअर म्हणतो आम्ही, १९७८ मधे कोलंबियात बोगोटाला सुरू झालं ते, त्यातही बाळाच्या अंगावर टोपी आणि मोजे असतातच. ब्लँकेट मोठ्या मुलांना.

हिशोबी_माणूस
म्हणजे पुन्हा विणायचं. मी काय म्हणत होतो.

शुद्ध_लोकर
लोकर कसली आहे? बाजारातली बरीचशी ॲक्रेलिक असते, नाव लोकर. थंडीत ही मुलं शेकोटीला चिकटून बसतात. ॲक्रेलिकवर ठिणगी पडली की ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. खरी लोकर सहज पेट घेत नाही, ज्वाळा काढली की बहुतेक वेळा आपोआप विझते. मेंढीचीच लोकर घ्या.

खारघर_सायकलवाला
आणि ती मेंढीची लोकर गरम पाण्यात घालून धोपटली की आटून नमदा होतो, म्हणजे दाट घट्ट गोळा, मग ३५ इंचाचं ब्लँकेट बाहुलीला घालायचं का? त्यांना फुकटचे गुंडे मिळालेत हो.

शुद्ध_लोकर
फुकट मिळालं म्हणून काहीही द्यायचं?

खारघर_सायकलवाला
मग तुम्ही द्या मेंढी.

लोकरवेडी
भांडण वेगळ्या धाग्यावर न्या प्लीज. @उलटसुलट शेकोटीचं मात्र खरं आहे, देताना आयांना सांगा की पांघरून विस्तवाजवळ बसवू नका.
आता मला एक सांग. ८ नंबरच्या सुया सगळ्यांनी एकाच दुकानातून घेतल्या का? आणि तुझा तो व्हिडिओ कुठला, भारतातला का अमेरिकेतला?

उलटसुलट
व्हिडिओ अमेरिकेतल्या बाईचा आहे. सुया बहुतेकांनी स्टेशनजवळच्या मार्केटमधून घेतल्या. चौघीजणी एकीच्या मावशीने न्यूजर्सीहून आणलेल्या सेटवर विणतात. पण त्यांच्यावर पण ८ च लिहिलंय, मी स्वतः बघितलंय.

लोकरवेडी
सापडलं!!! आपल्याकडचा ८ नंबर म्हणजे ४ मिमी. अमेरिकेचा ८ म्हणजे ५ मिमी. आपले नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक. त्यांचं उलटं, नंबर वाढला की सुई जाड. त्या बाईच्या ८ ला आपली ६ नंबरची सुई लागते. दोन्ही सुया शेजारी धरून बघ, नुसत्या डोळ्यांना कळेल. तेच ३० टाके ४ मिमीवर सहाच्या आत येणार आणि ५ वर सातच्या आसपास.

उलटसुलट
धरल्या. खरंच जाड आहेत. चार आठवडे रोज बघतोय या सुया मी. आईशप्पथ.

वागळे_इस्टेट_निवृत्त
यात चूक कोणाची नाही. मी तारेच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं काढली. तारेचं गेज असंच असतं. जाड तार साच्याच्या भोकातून खेचायची, मग त्याहून लहान भोकातून, असं जितक्या वेळा खेचाल तितका नंबर वाढत जातो आणि तार बारीक होत जाते. एसडब्ल्यूजी, म्हणजे तारेच्या जाडीचं ब्रिटिश गेज, त्यात ८ म्हणजे ४.०६ मिमी आणि १० म्हणजे ३.२५. तुमच्या सुया म्हणजे टोक केलेली तारच, म्हणून तोच हिशोब त्यांना लागला. आमच्या वेळी हेल्परसुद्धा नंबर ऐकून जाडी बोटांनी दाखवायचा. आता तिथे सगळी ऑफिसं झाली.

लोकरवेडी
काका भारी! मला वीस वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं.

येऊरच्या_पायथ्याशी
आता सोपं आहे. मिसळू नका. दोन ढीग करा, मोठ्यांची वेगळी ब्लँकेटं, छोट्यांची वेगळी. कुठले किती आहेत?

उलटसुलट
मोजले. मोठे ७०, छोटे ११८, क्रोशाचे २२ आणि त्यातला एक पंचकोन आहे.

येऊरच्या_पायथ्याशी
७० म्हणजे बरोबर दोन ब्लँकेटं. छोटे ६ इंच धरले तर ६ गुणिले ८ असे ४८, म्हणजे अजून दोन आणि २२ उरतात. चार तयार, विषय संपला.

लोकरवेडी
नाही, छोट्यांना क्रोशाने बॉर्डर घालायची. चारी बाजूंनी खांबांची (क्रोशाच्या उंच टाक्यांची) एक ओळ, अर्धा इंच इकडे अर्धा इंच तिकडे, सहाचा सात होतो. मग ३५ च्या हिशोबाने ११८ मधे तीन ब्लँकेटं बसतात, एक मूल जास्त. प्रत्येक बाजूला २६ खांब मोजून, कोपऱ्यात २ खांब २ साखळ्या २ खांब. चौकोन थोडा वाकडा असला तरी खांबांची संख्या सारखी ठेवायची, म्हणजे जोडताना खांबाला खांब लागतो आणि फुगा येत नाही. रंग सगळ्यांना एकच घे, गडद, मळ दिसत नाही.

येऊरच्या_पायथ्याशी
११८ चौकोनांना बॉर्डर रविवारपर्यंत? मुलांना झोपू द्या.

लोकरवेडी
क्रोशावाले दोघं आहेत ना, त्यांना बसवा, सुया नाही तरी जमत नव्हत्या. आणि जे धड चौकोन नाहीत त्यांच्या ओळी मोजा. सगळं सुलट विणलं तर ३० टाक्यांना साधारण ६० ओळी लागतात. कोणीतरी कंटाळून ५० ला टाके बंद केले असणार.

उलटसुलट
ते मीच. शेवटच्या पाच-सहांना.

लोकरवेडी
पुढच्या वेळी कोपऱ्यातून विण. एका टाक्यावर सुरू करायचं, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवायचा, कड ७ इंच झाली की तसाच एक-एक कमी करत यायचं. हात घट्ट असो का सैल, सुई न्यूजर्सीची असो का ठाण्याची, माप तेच येतं. दक्षिण आफ्रिकेतल्या अनाथ मुलांसाठी जगभरातून चौकोन मागवतात ना, निट-अ-स्क्वेअर, त्यांचं पण चौकोनाचं माप ठरलेलं आहे, २० सेंटीमीटर, सुईचा नंबर नाही.

फक्त_माहितीसाठी
चेन्नईत जानेवारी २०१६ मधे बायकांनी मिळून क्रोशाचं ११,१४८.५ चौरस मीटरचं ब्लँकेट केलं होतं, गिनीजमधे नोंद आहे. तुम्ही पण ठाण्याचा रेकॉर्ड करा की.

कसारा_लोकल
शहापूरला जाणार असाल तर आसनगावला उतरा, वासिंदला नाही. कसारा किंवा आसनगाव लोकल पकडा, टिटवाळ्याची चालणार नाही. गठ्ठे असतील तर लगेजच्या डब्यात चढा. सकाळी उलट्या दिशेला गर्दी कमी असते. बाहेर शहापूरसाठी रिक्षा मिळतात.

उलटसुलट
हे कोणी विचारलं नव्हतं पण थँक्यू, आम्ही वासिंदलाच उतरणार होतो.
ठरलं असं: मोठ्यांची दोन ब्लँकेटं रविवारी जोडतो, छोट्यांना बॉर्डर. क्रोशाचे २२ बाजूला ठेवले. बाळांसाठी टोप्या, रात्रपाळी ताई माप सांगाल का? आणि बॉर्डरला गडद निळी लोकर पुरत नाहीये, नौपाड्यात कोणाकडे उरलेले गुंडे असतील तर मी सायकलवर येऊन घेऊन जाईन.

रात्रपाळी
ड्यूटी संपली की सांगते. तोवर वर गोंडा किंवा बटण लावणार नाही असं कबूल करा, तोंडात जातं.

कोपरीची_मावशी
माझ्याकडे निळे दोन गुंडे आहेत. गोधडी पण दाखवीन, आलास की.

नवीन_सदस्य
वरचं सगळं वाचलं नाहीये, पण सगळ्यांनी ८ नंबरच्या सुया घेतल्या असत्या तर हा प्रश्नच आला नसता.