‘जॉय लक क्लब’: मायलेकींची की मैत्रिणींची?

तिरफळ

एमी टॅनची ‘जॉय लक क्लब’ तिसऱ्यांदा वाचून संपवली. १९८९ ची कादंबरी. १९९३ मध्ये वेन वँगने तिच्यावर सिनेमा काढला, तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. कशावर आहे विचारलं की एकच उत्तर येतं, ‘मायलेकींवर’. मला आता ते पटेनासं झालंय. ही आधी चार बायकांच्या मैत्रीची गोष्ट आहे, मुली मागून आल्या. पटत नसेल तर भांडायला या.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. जपानी आक्रमणाच्या काळात सुयुआन नावाची लष्करी अधिकाऱ्याची बायको क्वेलिन शहरात अडकलेली. निर्वासितांची गर्दी, वरून बॉम्ब, खायची मारामार. ती आणखी तिघींना गाठते. माहजोंग म्हणजे फरशांनी खेळायचा चिनी खेळ, त्याच्या टेबलाच्या चार बाजू, म्हणून चौघी. दर आठवड्याला एकीच्या घरी जमायचं, मिळेल त्यातून गोडधोड करायचं. चांदीच्या लगडीच्या आकाराच्या करंज्यांसारखं काहीतरी (पैसा यावा म्हणून), लांबलचक शेवया (आयुष्य वाढावं म्हणून), उकडलेल्या शेंगा (मुलगे व्हावेत म्हणून). मग खेळायचं, पैसे लावून. ते पैसे म्हणजे कागद, हजाराच्या नोटेची किंमत शून्य. लोक उपाशी मरताहेत आणि यांना मेजवान्या सुचतात, असं शेजारीपाजारी बोलायचे.

पुढे सुयुआन पळून जाते, जुळ्या तान्ह्या मुली तिला रस्त्यातच सोडाव्या लागतात, आणि अखेर ती अमेरिकेत पोचते. १९४९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चर्चमध्ये भेटलेल्या तिघींना घेऊन ती पुन्हा तेच मंडळ सुरू करते: लिंडो, आन-मे, यिंग-यिंग. कादंबरी सुरू होते तेव्हा सुयुआन जाऊन दोन महिने झालेत आणि टेबलाची एक बाजू रिकामी आहे. त्या खुर्चीवर तिच्या मुलीला, जिंग-मेला, बसवतात. मधली जवळजवळ चाळीस वर्षं हे टेबल मोडलेलं नाही. दुसरं कुठलं नातं या पुस्तकात इतकं टिकलंय, सांगा.

वाकडी वाट

तिसऱ्यांदा वाचलीत, मान्य. पण टेबल टिकलं म्हणजे मैत्री टिकली, हे कुठलं गणित?

पुस्तकात सोळा गोष्टी आहेत. तीन आयांच्या दोन-दोन, तीन मुलींच्या दोन-दोन, आणि जिंग-मेच्या चार, कारण तिची आई गेलीय. आयांच्या वाट्याला आलेल्या सहा गोष्टींत आहे काय? माहेर, सासर, पहिलं लग्न, गमावलेलं मूल. मैत्रीण कुठाय? यिंग-यिंगने पोटातलं मूल पाडल्याचं दुःख आयुष्यभर दाबून ठेवलं. त्या टेबलावर दर वेळी लिंडो बसायची, तिला सांगितलं? नाही. सांगायची वेळ आली तेव्हा मुलीला सांगायचं ठरवलं. म्हणजे ज्यांच्याबरोबर चाळीस वर्षं फरशा फिरवल्या, त्यांच्यापुढे तोंड उघडलं नाही. मी तर याला सवय म्हणते.

आणि लिंडो-सुयुआन तर सरळसरळ चढाओढ. लिंडोची वेव्हर्ली बुद्धिबळात चॅम्पियन. लिंडो कुरकुरते, पोरीच्या ट्रॉफ्या पुसता पुसता दिवस जातो. त्यावर सुयुआन ठोकते, आमचं तर याहून वाईट, हिला भांडी घासायला सांगावं तर हिला संगीताशिवाय काही ऐकूच येत नाही! खरं तर पोरीला धड पियानोही वाजवता येत नाही. पुढे कार्यक्रमात सगळ्यांसमोर पचका होतो, तो वेगळा. पोरींची फरफट करून दोघींनी एकमेकींवर कुरघोडी केली. हिला मैत्री म्हणायचं तर आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्याच जिवलग आहेत.

पेन्सिल

‘संगीताशिवाय काही ऐकूच येत नाही’ 😂 ही बाई आमच्या आत्याला ओळखत होती का?

कोकमसार

वावा (वाकडी वाट गं), तू पैशांची गोष्ट सोडलीस, आणि माझ्या मते सगळं तिथेच आहे. आधी या बायका जिंकेल तिला सगळे पैसे, असं खेळायच्या. मग लक्षात आलं, त्याच त्या जिंकतात आणि त्याच त्या हरतात. म्हणून नियम बदलला. सगळ्यांचे पैसे एकत्र करून शेअर घ्यायचे, नफातोटा सारखा वाटायचा. शेअरबाजारात कुणाचंच कसब चालत नाही, म्हणून ते न्यायाचं! माहजोंग उरलं गंमतीपुरतं.

हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि हसत बसले. ही भिशीच की. भिशीत चिठ्ठी कुणाची निघेल यावर अक्कल चालत नाही, पण शेवटपर्यंत प्रत्येकीला तेवढेच मिळतात. हुशार आणि वेंधळी एका पातळीवर. मैत्री अशा नियमांवर टिकते, मन मोकळं करण्यावर टिकतेच असं नाही. उलट मन फार मोकळं केलेल्या दोन मैत्रिणी मी एकमेकींचं तोंड न बघताना पाहिल्यात. गिरगावात १९५९ मध्ये सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, त्या तरी आधी एकमेकींना मनातलं सांगत बसल्या असतील का?

वाकडी वाट

ती सहकारी संस्था झाली. तिला मैत्रीची कादंबरी म्हणून कुणी खपवत नाही.

अगस्ती

थोडं अवांतर. मैत्री की मायलेकी, हा वाद घालण्याआधी पुस्तक खरं आहे का ते तरी बघा. फ्रँक चिन या चिनी-अमेरिकन लेखकाने १९९१ मध्ये टॅन आणि इतरांवर कडाडून टीका केली होती, की हे गोऱ्या वाचकांच्या पसंतीचं बनावट चीन आहे. सुरुवातीची हंसाची दंतकथाही त्याने खोटीच ठरवली. ‘पूर्वेकडच्या सोशिक बाया आणि त्यांच्या खमंग जेवणाच्या गोष्टी’ हा माल तिकडे कायम विकला जातो. आपल्याकडचंही लोणची-मसाले छाप इंग्रजी साहित्य आठवा.

तिरफळ

अगस्ती, चिनची टीका माहीत आहे आणि हंसाच्या बाबतीत तो बरोबर असू शकेल. पण त्याचा राग मुख्यतः दंतकथा वाकवण्यावर आणि चिनी पुरुषांच्या चित्रणावर होता. ट्रॉफ्या पुसण्याचं रडगाणं गोऱ्या वाचकासाठी बनवलेलं नाही हो, ते कुठल्याही वाड्यात ऐकू येतं.

वावा, तुझं ‘मैत्रीण कुठाय’ वाचून लिंडोचं प्रकरण पुन्हा उघडलं. ‘दुहेरी चेहरा’ या अर्थाच्या नावाचं. अमेरिकेत नवीन आलेली लिंडो फॉर्च्युन कुकीच्या कारखान्यात लागते. गरम बिस्किटाची चकती तव्यावरून उचलायची, आत चिठ्ठी ठेवायची आणि कडक व्हायच्या आत घडी घालायची, बोटं भाजतात. शेजारी आन-मे. लिंडोला तिन नावाचा माणूस आवडतो, पण तो कॅन्टोनीज बोलतो आणि हिची भाषा वेगळी, दोघांनाही इंग्रजी धड येत नाही. मग त्या चिठ्ठ्यांच्या ढिगातून ‘जोडीदार घरात नसेल तर घर हे घर नव्हे’ अशा अर्थाची चिठ्ठी लिंडो एका कुकीत घालते आणि ती त्याला देते. लग्न जमतं. त्या युक्तीत आन-मे होती. मन मोकळं करणं नसेल हे, पण पोळलेल्या बोटांनी मैत्रिणीचं लग्न जुळवायला मदत करणं काय कमी आहे?

वाकडी वाट

आन-मेची कुकी तुला दिली. आता माझा खरा प्रश्न. क्वेलिनच्या पहिल्या मंडळातल्या तिघींचं काय झालं?

सुयुआन पळाली, त्या मागे राहिल्या. जगल्या की मेल्या? कादंबरी त्यांना नावानिशी परत आणत नाही. सुयुआन जुळ्या मुलींचा शोध शेवटपर्यंत घेते, त्यासाठी पत्रं लिहिते. तिघींसाठी एक ओळ नाही. उलट तेच नाव, तोच खेळ आणि नव्या तिघी. रिकाम्या जागा भरल्या की झालं. चाळीस वर्षांनी तिचीही जागा तशीच भरली गेली, मुलीला बसवून. हे टेबल टिकाऊ आहे, बसणाऱ्या बदलता येतात. मला तर ते भीतीदायक वाटतं.

तिरफळ

यावर माझ्याकडे उत्तर नाही. तीनदा वाचूनही हे लक्षात आलं नव्हतं.

मोरपंखी

अगदीच अवांतर: आमच्या सासूबाई नौदलातल्या अधिकाऱ्याच्या पत्नी. कुलाब्याला राहत असताना इतर बायकांकडून माहजोंग शिकल्या. बदली झाली की टेबलावरची माणसं बदलायची, फरशांचा डबा तोच. त्या अजूनही त्यातल्या दोघींशी रोज सकाळी फोनवर बोलतात, बाकी पंधरा-वीस जणींची नावंही आठवत नाहीत. वाकडी वाट यांचं म्हणणं त्यांना वाचून दाखवलं. म्हणाल्या, ‘सगळ्यांना लक्षात ठेवायचं तर मग खेळायचं कधी?’

कोकमसार

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

आता पत्राबद्दल कुणीतरी बोला. जुळ्या मुलींचं पत्र चीनहून येतं, आई आहे का विचारणारं. तोवर सुयुआन गेलेली. या मैत्रिणी काय करतात? आई येतेय असं उत्तर लिहितात, आणि खाली सही सुयुआनची! मेलेल्या मैत्रिणीची सही! मी ती ओळ दोनदा वाचली.

वाकडी वाट

आणि तुला ते गोड वाटलं? चाळिशी ओलांडलेल्या दोन बायका, आयुष्यभर आईची वाट बघितलेली, त्यांना खोटी आशा. त्या विमानतळावर कुणाकडे बघणार होत्या? जिंग-मेला हे सहन होत नाही म्हणून ती लिंडोच्या मागे लागते, दुसरं पत्र लिही, आई गेली म्हणून कळव. म्हणते, त्यांना वाटेल माझ्यामुळेच आई गेली, मी तिची कदर केली नाही. त्यावर लिंडोचा चेहरा समाधानी पण होतो आणि दुःखी पण. समाधानी! मैत्रिणीच्या मुलीला दोष लागला म्हणून!

कोकमसार

ते समाधान दोष लागला म्हणून नाही गं. मैत्रीण कुणाला तरी कळली म्हणून. तासभर बसून दोन पानी पत्र लिहिते, उठते तेव्हा डोळ्यांत पाणी. तुझ्यासारखी हिशेबी बाई रडत नसेल, ती रडली.

वाकडी वाट

😒

घडीची पोळी

मी पुस्तक नाही वाचलं, सिनेमा पाहिला होता. धागा वाचून लिहावंसं वाटलं.

आमची भिशी २३ वर्षांची. चौदा जणी होतो, आता नऊ. गेल्या मार्गशीर्षात आमच्यातली एक गेली. तिचा नंबर लागायचा बाकी होता, म्हणून पुढचे हप्ते आम्ही भरले आणि पूर्ण रक्कम तिच्या मुलीला दिली. त्यात वाद झाला नाही. वाद झाला तो वेगळाच. दिवसांना गेलो तर तिथे तिची सख्खी बहीण भेटली. तिला बहीण आहे हे आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं. २३ वर्षं! तिच्या घरी किती वेळा जेवलो, हसलो, तिच्या मुलाच्या लग्नात अक्षता टाकल्या. परत येताना रिक्षात दोघी भांडल्या, एक म्हणाली आपण कधी विचारलंच नाही, दुसरी म्हणाली तिने कधी सांगितलंच नाही. वाकडी वाट, तुम्ही काय म्हणताय ते मला त्या रिक्षात कळलं.

तिरफळ

घडीची पोळी, पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात अगदी हेच आहे, उलट्या बाजूने. मैत्रिणी जिंग-मेला सुयुआनच्या जुळ्या मुलींबद्दल सांगतात आणि १,२०० डॉलरचा चेक देतात, चीनला जाऊन बहिणींना भेट म्हणून. म्हणतात, जेवणासाठी साठवलेले खेळातले पैसे आहेत, त्यातले बरेच तुझ्या आईनेच जिंकलेले, आम्ही थोडीशी भर घातली. मग जिंग-मे म्हणून जाते, मी आईबद्दल त्यांना काय सांगू, मला काहीच माहीत नाही. तिघी हादरतात. स्वतःची आई माहीत नाही? आणि मग एकामागून एक सुचवू लागतात, तिचा चांगुलपणा सांग, हुशारी सांग, ती काय काय करून घालायची ते सांग.

वाकडी वाट

त्या आपापल्या मुलींच्या भीतीने हादरतात, मैत्रिणीसाठी नाही. पुढच्याच परिच्छेदात लिहिलंय, पुन्हा बघ.

तिरफळ

बघितलं. दोन्ही आहे.

घडीची पोळी

आमच्या मैत्रिणीचा एक पितळी डबा माझ्याकडे राहिलाय. शेवटच्या भिशीला त्यात कारळ्याची चटणी दिली होती तिने. डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून ठेवला, तर ती गेली. गेल्या आठवड्यात मुलीला फोन केला, डबा पाठवू का? ती म्हणाली, डबा राहू दे मावशी, आईची ती चटणी कशी करायची तेवढं सांग. मला नाही माहीत. म्हणून भिशीतल्या तिघींना विचारलं. एक म्हणते लसूण भाजून घ्यायची, दुसरी म्हणते ती लसूण घालतच नव्हती, तिसरी चिंचेवर अडून बसलीय. शेवटी तिन्ही कृती लिहून पाठवल्या.