लॅब्राडोर आणावं की गावठी पिलू? वावरात कुत्रं पाळणाऱ्यांनी अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. आमचं घर वर्धा जिल्ह्यात, गावापासून सुटं, वावरातच. पोरीला लॅब्राडोर हवंय, बाबा म्हणतात गावठीच बरं. उन्हाळा आणि राखण या दोन गोष्टींवर जरा सविस्तर सांगा.

सिंदेवाहीकडून
आमच्याकडे लॅब आहे. मे महिन्यात इकडे पारा 45 च्या वर जातो आणि याच्या अंगावर केसांचे दोन थर. मूळचा न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यातला, कोळ्यांच्या सोबतीचा कुत्रा. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करतो. सकाळचं ऊन चढलं की तो कुलरसमोर, ओल्या पोत्यावर. संध्याकाळी आधी मी सिमेंटच्या रस्त्यावर तळहात टेकवून बघते, चटका बसला तर फिरणं पुढे ढकलते. लेकरांना फार जीव लावतो. राखण मात्र होत नाही, पाहुणा असो की परका, शेपूट हलतेच.

मेहकरकडून
भाऊ, वावरासाठी गावठीच. जागलीला आमची काळी सोबत असते. माणूस आला तर थांबून थांबून भुकते. हरभऱ्यात रानडुकरं शिरली की एकसारखी भुकत धुऱ्यापर्यंत पळते अन् परत माझ्याकडं येते. अंथरुणातूनच समजते काय आलं ते. पण 'गावठीले इंजेक्शन कायले पायजे' असं कोणी म्हटलं की लय राग येते. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर रेबीज जात पाहत नाही. तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, मग दरवर्षी. पार्वोची त्याआधीच सुरू करा. रक्ताची हगवण लागून पिलं जातात हो.

भद्रावतीकडून
जंगल जवळ असेल तर कोणतंही कुत्रं रात्री बाहेर बांधू नका. साखळीतलं कुत्रं बिबट्याला आयतंच सापडतं. आणि डिस्टेंपरची लस विसरू नका, तो रोग वाघ-बिबट्यांनाही लागतो.

दारव्ह्याकडून
जर्मन शेफर्ड घ्यायचा असेल तर आधी पिलाचे आईबाप चालताना बघा. या जातीत खुब्याचा सांधा आनुवंशिकतेने सैल असू शकतो. नुसत्या कागदपत्रांवर जाऊ नका. पावसाळ्यात गोचिडाचा ताप जातिवंत आणि गावठी दोन्हींना येतो. कानात आणि बोटांच्या बेचक्यात रोज बघा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

काटोलकडून
दादा, गावठी घ्यायचं ठरलं तर मादी घ्या. आमच्या गावात नर पिलं लगेच जातात, माद्या कोणी पोत्यात घालून नाल्याकाठी सोडून देतं. पाहवत नाही. आमची मादी राखणीला कुठंच कमी नाही. नसबंदी करून घेतली. टाके वाळेपर्यंत मातीत लोळू द्यायचं नाही, म्हणून तेवढे दिवस ओसरीत ठेवली. गावात सध्या दोन मादी पिलं आहेत, अजून आईजवळच. दूध सुटलं की घेऊन जा, तालुक्याला पहिली लस मी टोचून देते.